थांबवलेलं दूध

माझ्या डाव्या स्तनात गळू झालं होतं. छातीत झालं असं म्हणायची पद्धत आहे, पण छातीत पुष्कळ काही असतं. गळू स्तनात होतं आणि ते कापावं लागलं. पहिली मुलगी तेव्हा सोळा दिवसांची होती आणि मी एकोणीस वर्षांची.

हे आज लिहायचं कारण माझी नातसून. ती बाळंतीण आहे, शिकलेली आहे, आणि चार दिवस दार लावून आत रडत होती. बाहेर आली की म्हणायची, "काही नाही आजी, जरा थकवा आहे." थकव्याने कोणी ब्लाउजच्या आत ओला रुमाल ठेवत नाही. मी तिला आत नेऊन माझी खूण दाखवली आणि काय झालं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, लिहून काढा, माझ्यासारख्या खूप आहेत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला लिहिता येतं, सजवता येत नाही. जे झालं ते तसंच लिहिते.

वठार

लग्नानंतर मी संगमनेरहून बंगळूरला आले. यजमान सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढायचे. साठ साल उजाडायला अजून दोनएक वर्षं असतील. शिवाजीनगरच्या बाजारामागे एका वठारात आमचं बिऱ्हाड होतं. लांबट अंगण, दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या, मध्ये एक नळ, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत, असं ते वठार.

मालक मराठीच, पण तिथले. त्यांचे पूर्वज कधी आले हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. धंदा शिवणकामाचा. त्यांची सून शांता माझ्याच वयाची. तिचं मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला वाटलं ही माझी थट्टा करते. "अक्का, स्वल्प हिकडं या की" असं बोलायची. स्वल्प म्हणजे जरासं, हे मला समजलं, पण ते अक्का काही पचेना. मी तिच्याहून दोन महिन्यांनी लहान होते.

कन्नड मला येत नव्हतं. बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको, सरी म्हणजे बरं, आणि निल्लिसि म्हणजे थांबवा. निल्लिसि मी बसमध्ये शिकले. उतरायचं असलं की ते ओरडायचं. एवढ्यावर बाजार व्हायचा, म्हणून पुढे शिकायचा मी आळस केला. तो आळस मला महाग पडला.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे माहेर नावापुरतं होतं. सासूबाई संगमनेरहून आल्या आणि बाळंतपण बंगळूरच्याच सरकारी हॉस्पिटलात झालं. मुलगी चांगली साडेसहा पौंडांची होती. दूधही आलं. सगळं ठीक होतं.

गाठ

दहाव्या दिवशी डावीकडे गाठ लागली. दुसऱ्या दिवशी ती लाल झाली, तिसऱ्या दिवशी चोळी टेकवत नव्हती. सासूबाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दूध नासलंय. त्या बाजूला पाजू नकोस, पोरीला बाधेल." त्यांनी गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधलं.

मी ऐकलं. ही पहिली चूक. दुखऱ्या बाजूलाच जास्त पाजायचं असतं, हे मला पुढे कळलं. साठलेलं दूध अडतं आणि मग पिकतं.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी पाच मुलं वाढवली होती आणि दोन घालवली होती. घालवलेल्यांची कारणं त्यांनी आपल्या मनाशी लावून ठेवली होती. नासलेलं दूध हे त्यातलं एक.

यजमानांना मी सांगितलं नाही. पोट दुखतं म्हणून सांगता येतं. हे कसं सांगायचं? ते रोज संध्याकाळी विचारायचे, "बरं आहे ना?" मी म्हणायचे, "बरं आहे."

पंधराव्या दिवशी शांता बाळाला झबली घेऊन आली. तिने स्वतः शिवलेली, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचू नये. मी ती उजव्या हाताने घेतली.

"डावा हात काय झालाय?"

"काही नाही."

"काही नाही म्हंता आणि दात वाजायलेत तुमचे."

तिने न विचारता माझा पदर बाजूला केला आणि हात लावला. सख्ख्या बहिणीनेही लावला नसता. मी लाजेने भिंतीकडे पाहिलं. ती सासूबाईंकडे वळली. "आज्जी, हे पोटिसानं जायाचं नाही. आत पिकलंय. सकाळी जटका सांगते, हॉस्पिटलला न्या."

जटका म्हणजे तिथला टांगा. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही काय बाळंतपणं पाहिली नाहीत?"

"पाह्यलीत की. ती मोजत कोण बसलंय? जटका सातला येईल."

कापलं

लेडी डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबलं आणि एका क्षणात सांगितलं, पू आहे, आजच कापायचं. त्या माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायच्या, मी त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचे. त्यांनी यजमानांना विचारलं, कधीपासून आहे? यजमानांना माहीतच नव्हतं. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्या दिवशी मला गळवापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. इतक्या जवळच्या माणसाला मी पाच दिवस "बरं आहे" म्हणत होते.

कापतानाचं मला आठवत नाही, गुंगी दिली होती. नंतरचं आठवतं. लांब वॉर्ड, दोन्हीकडे खाटा, सकाळी फिनेलचा वास, मग पातळ गंजी, म्हणजे तांदळाची पेज. दर काही तासांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. आणि रोज दहाच्या सुमारास पट्टी. जखमेत औषधात भिजवलेली कापडाची वात कोंबलेली असायची. जुनी ओढून काढायची, नवी आत घालायची. बाळंतपण त्यापुढे काही नाही.

तापाच्या वॉर्डात बाळाला ठेवू देत नव्हते. मुलगी घरी सासूबाईंजवळ. त्यांनी पावडरीच्या दुधाचा डबा आणवला होता आणि बाटलीने पाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी वात ओढत असतानाच नर्सने मला विचारलं, "हालु निल्लिसोणवा?"

डोळ्यांतून पाणी, तोंडात पदराचा बोळा. माझ्या कानांनी दोन शब्द धरले. हाल, आणि थांबवायचं का. मला वाटलं ही बाई देवमाणूस आहे. माझे हाल बघवेनात, म्हणून थांबवू का विचारते आहे. मी तोंडातला बोळा काढला आणि बसमध्ये ओरडतात तशी ओरडले, "निल्लिसि. निल्लिसि."

तिने मान हलवली. वात मात्र थांबवली नाही. दुपारी तिने येऊन माझी छाती रुंद पट्ट्याने करकचून बांधली, दोन्ही बाजू, आणि गोळ्या दिल्या. मला वाटलं, दुखणं थांबायच्या असतील. मी वेळच्या वेळी घेतल्या. एकही चुकवली नाही.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर लक्ष्मम्मा होती. होसकोट्याची, भाजीवाल्याची बायको, तिसरं बाळंतपण, ताप आला म्हणून ठेवलेली. ताप उतरला होता म्हणून तिचं बाळ तिच्याजवळ दिलं होतं. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द समजत नव्हता. ती बोलत राहायची, मी मान हलवत राहायचे.

चौथ्या दिवशी भेटायच्या वेळेला यजमान मुलीला घेऊन आले. ती रडत होती, नेहमीचं रडणं नव्हे, बारीक, मांजरीसारखं. पावडरीच्या दुधाने तिला जुलाब लागले होते. मी पट्ट्यात बांधलेली. लक्ष्मम्मा उठली, यजमानांच्या हातातून मुलगी घेतली, त्यांना हाताने "बाहेर" म्हणून दाखवलं आणि आपल्या अंगावर लावली. मुलगी प्यायली. किती दिवसांची भुकेली असावी तशी प्यायली. मला रडू आलं नाही. मला राग आला, माझ्या स्वतःच्या अंगाचा.

तेवढ्यात शांता आली. लक्ष्मम्मा पाजता पाजताच तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागली, हात माझ्याकडे करून. शांताचा चेहरा बदलला.

"अक्का, नर्सला काय सांगितलंत तुम्ही?"

"काही नाही. ती म्हणाली हाल थांबवू का. मी म्हटलं थांबव."

शांता खाटेवर बसली. "तुमच्या हालाचं कोण इचारतंय इथं? हालु म्हंजे दूध. दूध थांबवूया का, म्हणून इचारली ती. तुम्ही दोनदा थांबवा म्हणालात. ही सगळं ऐकलीय."

लक्ष्मम्माने मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. दोनदा.

मी पट्टा सोडायला लागले. शांता म्हणाली, थांबा, जखम फाटेल. मी म्हटलं, फाटू दे. मग तिने मागची गाठ सोडली आणि उशीखालच्या उरलेल्या गोळ्या उचलून आपल्या पदराला बांधल्या. मी उजवी बाजू, चांगली बाजू, दाबून पाहिली. काही नाही. ओल सुद्धा नाही.

जाताना शांताने नर्सला गाठलं. भांडायलाच गेली होती. नर्स काही वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईला विचारा आणि बंद करा, म्हणून मी विचारलं. हिने हो म्हटलं. आता वाळलं. एकदा वाळलं की येत नाही, डबा द्या.

लक्ष्मम्माने हे ऐकलं आणि नर्स गेल्यावर पचकन खिडकीबाहेर थुंकली. मग शांताला काहीतरी सांगितलं. लांबलचक सांगितलं. शांता हसायला लागली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही म्हंते, येतंय की. तिच्या गावात आणत्यात. पण आणायला दुसऱ्या बाईचं मोठं, खादाड पोर पाहिजे. नवं पोर दमतंय. मोठं पोर सोडत नाही."

"मोठं पोर कुठून आणू?"

"माझं काय देवळात ठेवलंय?"

शांताचा गोविंदा दहा महिन्यांचा होता. वठारात त्याला सगळे पैलवान म्हणायचे. वर दोन आणि खाली दोन दात.

घरातलं भांडण

सातव्या दिवशी घरी आले. मुलीला झबलं ढगळ व्हायला लागलं होतं. जुलाब थांबत नव्हते. सासूबाई डब्यावरचं बघून मापाने पावडर घालायच्या, पाणी उकळायच्या, त्यात काही चूक नव्हती. पण बाटलीचं रबर आणि अंगणातला एक नळ, त्यात कुठेतरी काहीतरी राहत असावं. मला एवढं कळत होतं की माझी मुलगी कमी होते आहे, आणि तिचं औषध माझ्या अंगात होतं ते मी स्वतःच्या तोंडाने थांबवलं होतं.

शांता गोविंदाला कडेवर घेऊन आली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"आज्जी, ह्याला अक्काकडं पाजायचं आणि तुमच्या नातीला माझ्याकडं. दूध येईपर्यंत."

सासूबाईंनी जात काढली. मी हे लिहिते, कारण त्यांनी ती काढली होती. शिंप्याचं पोर आमच्या सुनेच्या अंगाला लावायचं नाही आणि शिंपिणीचं दूध आमच्या नातीला नको, असं सरळ म्हणाल्या.

शांता चिडली नाही. तिने गोविंदाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आज्जी, सुनेची चोळी आम्हीच शिवलीय. ती अंगाला लागलेली चालती. आत कोण आलं तर चालत न्हाय."

सासूबाई यजमानांना म्हणाल्या, "तूच सांग हिला." यजमान नुकतेच कामावरून आले होते. ते मला म्हणाले, "डॉक्टरांनी बंद केलंय, तर कशाला उगाच? मुलं डब्यावर वाढतात."

मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले. म्हटलं, "तुम्ही नकाशे काढा. ते तुम्हाला येतं. हे माझं काम आहे, मला करू द्या. नाही जमलं तर डबा आहेच."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्यांनी नळावरून दोन घागरी पाणी भरून आणलं. वठारात पुरुष पाणी भरत नसत. समोरचे म्हातारबा म्हणाले, "काय मास्तर, प्रमोशन झालं वाटतं." यजमान तिसरी घागर लावून उभे राहिले. पुढे महिनाभर त्यांनीच पाणी भरलं. त्यांचं बोलणं हे एवढंच होतं.

सासूबाईंनी मात्र खोलीत गोविंदा आला की बाहेर जाऊन बसायचं ठरवलं.

कामगार

काय करायचं ते सोपं होतं आणि फार कंटाळवाणं होतं. दर दोन-अडीच तासांनी गोविंदाला माझ्या उजव्या बाजूला लावायचं. डावीला जखम, ती बाजू हाताने हळूहळू दाबायची. गोविंदा ओढायचा. काही येत नाही म्हटल्यावर चिडायचा आणि चावायचा. चावला की शांता त्याच्या पाठीत एक चापट घालायची आणि मला म्हणायची, "सोडू नका." मी भिंतीचा कोनाडा धरून बसायचे. तो दमला की शांता त्याला आपल्याजवळ घ्यायची, दोन घोट पाजायची, आणि परत माझ्याकडे द्यायची, म्हणजे त्याची आशा टिकायची. मुलीला ती दुसऱ्या बाजूने पाजत असायची. एकाच वेळी दोन पोरं आणि माझ्यावर नजर. शिवणयंत्रावर बसून सवय आहे म्हणायची, पाय वेगळा, हात वेगळा.

पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं ओल आली. ती गोविंदाची लाळ होती.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "शांता, पुरे. तुझं पोर उपाशी राहतंय आणि माझं काही होत नाही."

"माझं पोर उपाशी?" तिने गोविंदाचं पोट माझ्याकडे केलं. "हे बघा. ह्यात दोघं बसत्यात." मग म्हणाली, "अक्का, मला पैल्या पोराच्या टायमाला दूध आलं न्हवतं. कुणी सांगितलं न्हाई काय करायचं. ते पोर सव्वा महिन्याचं गेलं. तुम्ही बसा गप."

मला हे माहीत नव्हतं. वठारात सगळ्यांना सगळं माहीत असतं असं मी वर म्हटलं, ते तितकंसं खरं नाही. त्यानंतर मी पुरे हा शब्द काढला नाही.

शांता मुलीला दिवसभर पाजू शकत नव्हती. घरी शिवणकाम होतं, सासू होती. मधल्या वेळेला डब्याचंच दूध, पण आम्ही बाटली बंद केली. बोंडल्याने द्यायला लागलो, छोटी चोच असलेलं ते पितळी भांडं. ते घासून उकळता येतं. जुलाब थोडे कमी झाले, थांबले नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूवरून हात फिरवला. फिरवताना हात थांबला. टाळू खोल गेली होती, अंगातलं पाणी आटलं की जाते तशी. त्यांनी दोन मुलं घालवली होती असं मी वर लिहिलं आहे. त्यांना ती खोली बोटांनी ओळखता येत होती. त्यांनी मुलीला माझ्याजवळ दिलं आणि उघड्या डोक्याने, पदर न घेता, अंगण ओलांडून मालकांच्या दारात गेल्या. परत आल्या तेव्हा गोविंदा त्यांच्याच कडेवर होता. शांता मागून हातातला दोरा तोडत धावत येत होती.

"घे," सासूबाई मला म्हणाल्या. "तुझा गडी आलाय कामावर. आज दांडी मारू देऊ नकोस."

त्या दिवसापासून त्या बाहेर जाऊन बसल्या नाहीत. त्या दिवशी शांताने शिवणकाम बाजूला ठेवलं आणि मुलीला संध्याकाळपर्यंत आठ वेळा पाजलं. तिच्या सासूने तोंड वाकडं केलं तर सासूबाई जाऊन तिच्याशी काय बोलल्या कोण जाणे, ती बाई काजं करायच्या कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याच ओट्यावर बसायला आली.

गिळतोय

नवव्या दिवशी दुपारी गोविंदा नेहमीसारखा पाय झाडत होता. मग पाय थांबले. मला वाटलं झोपला. शांताने त्याच्या गळ्याखाली बोट लावलं.

"गिळायलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "लाळ असेल."

"लाळ कोण गिळतंय एवढं?" तिने त्याला ओढून बाजूला केलं. त्याने भोकाड पसरलं. त्याच्या उघड्या तोंडात जिभेवर पांढरं होतं. सासूबाईंनी वाकून पाहिलं, बोटाने पुसलं, आणि ते बोट स्वतःच्या जिभेला लावलं. "दूध आहे," त्या म्हणाल्या. गोविंदा ओरडतच होता. त्याचं ताट काढून घेतलं होतं.

पुढचं काम मुलीचं. तिला आयतं प्यायची सवय लागली होती. शांताकडे धार होती, माझ्याकडे थेंब. माझ्याकडे आणलं की तोंड फिरवायची. लक्ष्मम्माने त्याचीही युक्ती शांताला सांगून ठेवली होती. मुलीला लावायचं आणि वरून बोंडल्याने दूध माझ्या अंगावर थेंबथेंब सोडायचं, म्हणजे ते ओघळून तिच्या तोंडात जातं. तिला वाटतं, इथेच आहे. ती ओढत राहते, आणि ओढलं की येतं.

हे सोडायला हात स्थिर लागतो. शांताचा हात घाईचा, दूध चोळीत जायचं. सासूबाईंनी बोंडलं तिच्या हातातून घेतलं. साठीची बाई, पण हात असा की समईत तेल घालावं. एक थेंब, थांबायचं, दुसरा थेंब. पाठ दुखेपर्यंत वाकून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मीच बंद करायला लावलं होतं डावीकडचं." नाही हो, म्हणून खोटं कशाला बोलायचं? पण मी त्यांच्या पाठीला उशी लावली.

रोज बोंडल्यातलं थोडं कमी केलं. तिसऱ्या आठवड्यात बोंडलं कोरडंच खाली ठेवलं तरी मुलगी ओढत होती. उजवीकडे भरपूर, डावीकडे थोडं. डावी बाजू पुढे कधीच पूर्ण भरली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या मुलालाही नाही. एका बाजूवर मूल वाढतं. तीन वाढली.

एक सांगायला हवं. दुसऱ्या बाईचं दूध द्यायच्या आधी आता डॉक्टरांना विचारा म्हणतात, त्यातून रोग जाऊ शकतात. तर विचारा. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं. आणि ताप भरला, लाल झालं, तर पोटिसं बांधत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. पण दुधाचा प्रश्न तुम्हाला समजणाऱ्या भाषेत विचारल्याशिवाय हो म्हणू नका. समजलं नाही तर समजलं नाही म्हणा. त्यात लाज नाही. मी न समजता हो म्हटलं, लाज त्यात होती.

शेवटची पट्टी

जखम भरायला दीड महिना लागला. शेवटच्या पट्टीला मी आणि शांता बसने गेलो. मी मुलीला घेऊन आत, ती गोविंदाला घेऊन बाहेर बाकावर.

लेडी डॉक्टरांनी जखम पाहिली, ठीक आहे म्हणाल्या. मग मुलीला काट्यावर ठेवलं. काट्याकडे पाहिलं, जुना कागद पाहिला, परत काट्याकडे पाहिलं. जन्मापेक्षा दोन पौंड जास्त होती.

"कौनसा डबा देती हो?"

"डबा नहीं देती."

"दूध तो बंद किया था."

"किया था. फिर चालू किया."

"किसने?"

"हमने."

त्यांनी चष्मा काढला. "हम कौन?"

मी दरवाजा उघडून बाकाकडे बोट केलं. शांता तिथे गोविंदाला रट्टा देत होती, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी पिशवीतली केळी ओढत होता. मग डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं, ते खोडलं, आणि उठल्या.

"वॉर्ड में एक लडकी है. सत्रह साल की. तीन दिन से बच्चे को दूध नहीं पिलाती, किसी की नहीं सुनती." मला म्हणाल्या, "तुम दोनों आओ."

मी शांताला सांगितलं. तिने विचारलं, "कुठली हाय? काय बोलती?"

"तेलुगू, असं म्हणाल्या."

"मला तेलुगू येत न्हाई."

"मला तरी काय येतंय," मी म्हटलं. "चल."

तिने केळीवाल्या बाईची माफी मागितली, गोविंदाला कडेवर मारला, आणि आम्ही दोघी त्या डॉक्टरांच्या मागे निघालो. त्याचं दुपारचं पिणं अजून व्हायचं होतं, म्हणून त्याला घेऊनच आत गेलो.